आवाज काढून टाकल्यावर

आईंनी शेंगदाणे सोलता सोलता तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं. दाण्याचं लाल साल कागदाला चिकटून राहिलं.

“ह्या बरोबर,” त्या म्हणाल्या. “सिलिंडर दुसऱ्याच बिल्डिंगीत गेलो.”

उत्तर बरोबर होतं आणि तीच पंचाईत होती. गॅस एजन्सीला फोन करणाऱ्या बाईचा तो दीड मिनिटाचा उतारा मी सासूबाईंना ऐकवलाच नव्हता. नुसते प्रश्न पुढे ठेवले होते. पाचांतले चार त्यांनी न ऐकता सोडवले. सातवी शिकलेल्या, चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या बाईने.

मालाडच्या एका संस्थेसाठी मी घरून काम करते. परराज्यांतून इकडे बदली होऊन आलेल्या बँकेच्या, विम्याच्या माणसांना बोललेलं मराठी कळतं का, याची परीक्षा ही संस्था घेते. आधी आवाज ऐकायचा, मग तीन पर्यायांतला एक निवडायचा. ते प्रश्न आणि पर्याय मी लिहिते. मराठी घेऊन एम. ए. केलं तेव्हा असलंही काम असतं हे माहीत नव्हतं. खरं उत्तर लिहायला काही लागत नाही, चुकीची दोन लिहिताना घाम फुटतो. तीसुद्धा उताऱ्यात कुठेतरी बोलली गेलेली असावी लागतात, म्हणजे ज्याने अर्धवट ऐकलं तो त्यांत अडकतो. आणि सेट पाठवण्याआधी एक तपासणी करायचीच. उतारा न ऐकवता प्रश्न तिघांना सोडवायला द्यायचे. त्यांतल्या दोघांना उत्तर आलं तर प्रश्न गळका. तो फेकायचा. ऑफिसात त्यासाठी माणसं आहेत, पण मी आधी घरात करून बघते, म्हणजे तिथे शोभा होत नाही.

“कसं ओळखलंत पण?”

“खरा उत्तर तू जपून लिवतस. लांबलचक. बाकीची दोन आपली टाकल्यासारखी.” त्यांनी सालं फुंकून बाजूला केली. “ऐकाक कशाक व्हया? कागदावरच दिसता सगळा.”

आई चाळीस वर्षं मुंबईत आहेत. बाहेर चारचौघांत मुंबईचंच मराठी बोलतात, पण खूश असल्या किंवा चिडल्या की बोलणं सावंतवाडीकडे वळतं. तेव्हा खूश होत्या. शिकलेल्या सुनेला पाचांत चार वेळा पकडलं होतं.

आमचं घर दिंडोशीच्या एका बैठ्या चाळीत. खाली एक खोली, ओटा, मोरी. वर लोखंडी अँगलवर प्लायवूड टाकून केलेला माळा. शिडीच्या तोंडाशी सुयोगने लाकडी फाटक लावलंय, कारण आमची रुचिरा दिवसभर वरच खेळते आणि मी खाली लॅपटॉप घेऊन बसते. वर कोणी चाललं की माझ्या डोक्यावर धपधप होतं, पंख्याची दांडीसुद्धा हलते. लग्न होऊन आले तेव्हा त्याचा त्रास व्हायचा. पुढे सवय झाली.

आई दाण्यांचं ताट ठेवून शिडी चढल्या. फाटक उघडून माळ्यावर धप्पकन पाय ठेवला आणि हाक मारली, “रुचे, चल बाय, जेवाक.”

शिडीखालून मला दिसत होतं. पाठमोरी बसलेली रुची लगेच वळली. हसली, दोन्ही हात वर केले.

“बघ,” आई वरून म्हणाल्या. “आणि म्हणते ऐकत नाही.”

मी तसं एकदाच म्हटलं होतं, तेही सुयोगला, हळू आवाजात. पण आमच्या घरात हळू बोललेलं कुठे जात नाही. रुची तेव्हा दोन वर्षांची झाली होती, आता सव्वीस महिन्यांची होती आणि तिला एकही शब्द नव्हता. नुसता एक “आ” होता. भूक लागली तरी तोच, झोप आली तरी तोच. सुयोग म्हणाला, मी पण तीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो, विचार आईला. आई म्हणाल्या, हो. लसीकरणाच्या डॉक्टरांनी घरात मोबाइल किती वेळ चालतो विचारलं. माझी आई म्हणाली, तू फार निरखतेस गं पोरीला, म्हणून बुजते ती.

निरखते हे खरं. माझी एक वही आहे. ज्या नर्सिंग होममध्ये रुची झाली तिथे निघताना एक चिठ्ठी दिली होती, बाळाचे कान तपासून घ्या म्हणून, बाहेर कुठेतरी. त्याच आठवड्यात तिला कावीळ झाली. कावीळ उतरली, चिठ्ठी फायलीत राहिली. ती पुन्हा सापडली तेव्हापासून मी वही सुरू केली. तारीख, वेळ, कोणी हाक मारली, वळली की नाही. दोन महिन्यांची पानं भरली होती आणि त्यांतून एक विचित्र गोष्ट दिसत होती. माळ्यावर रुची दहांतल्या दहा वेळा वळायची. खाली दहांतून तीनदा. मी तिथे समासात कारणं लिहिली होती. मिक्सर चालू होता. दात येतायत. झोप आली होती. खाली बाहेरचा आवाज जास्त, वर शांत, म्हणून वर नीट ऐकू येतं, असंही एकदा लिहिलं होतं.

संस्थेत असली कारणं मी कुणाची ऐकून घेतली नसती.

त्या बुधवारी उत्तरा मॅडमचा फोन आला. प्रश्न लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या त्या प्रमुख. वीस वर्षं शाळेत शिकवून इकडे आलेल्या, त्यामुळे रागावतानासुद्धा खडू हातात असल्यासारख्या बोलतात. माझ्या सेटमधले सात प्रश्न त्यांच्याकडे गळके निघाले होते. आईंनी पकडलेल्यांतला एकच मी बदलला होता, बाकीचे तसेच गेले होते.

“दीप्ती, एक गोष्ट कायमची डोक्यात ठेव,” त्या म्हणाल्या. “आवाज काढून टाकल्यावरही प्रश्न सुटत असेल, तर आपण ऐकण्याची परीक्षा घेतच नाही आहोत. दुसरंच काहीतरी तपासतोय.”

मी हो म्हणाले. परवापर्यंत बदलून देते म्हणाले. फोन ठेवला आणि त्याच वेळी वर धप्प झालं, आईंची हाक आली आणि पाठोपाठ रुचीचं खळखळून हसणं. मी पंख्याच्या दांडीकडे पाहत राहिले. ती थरथरून थांबली तरी मी पाहत होते.

दुसरा दिवस गुरुवार. गुरुवारी आई चार वाजता भजनाला जातात. त्या गल्लीच्या वळणावर दिसेनाशा झाल्यावर मी पंखा बंद केला, चपला काढल्या आणि शिडी चढले. पाऊल टेकवताना आधी बोटं, मग टाच. रुची खिडकीकडे तोंड करून डब्यात डबे घालत होती. तिच्या मागे सहा हातांवर मी बसले. आईंची गोधडी चौपदरी करून मांडीवर घेतली. माझी सावली तिच्यापुढे पडत नव्हती हे पाहिलं. उजेड समोरून येत होता, म्हणजे सावल्या मागे. खिडकीच्या काचेत मी दिसते का? काच उघडी होती. साबणाचा, तेलाचा वास? वारा तिच्याकडून माझ्याकडे येत होता. हे सगळं मी तपासलं, कारण हेच माझं काम आहे. उत्तर जिथून जिथून गळतं ती भोकं बुजवायची.

मग बसले. तीन-चार मिनिटं काहीच केलं नाही. ती डब्यांत पूर्ण गुंतेपर्यंत थांबले.

गोधडीवर स्टीलचं ताट धरून मी त्यावर पळी मारली.

शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं. रुचीने मधल्या डब्यात लहान डबा घातला.

मी पुन्हा मारली. तिचं नाव घेतलं. मग मोठ्याने घेतलं. मग इतक्या मोठ्याने, की खालून जाणाऱ्या कुणीतरी “काय झालं हो वहिनी?” असं विचारलं. दहा वेळा. वहीत लिहायला काही नव्हतं, तरी मी दहा शून्यं काढली.

मग गोधडी बाजूला ठेवली आणि बसल्या जागी पाय प्लायवर आपटला. तोंडातून हूं की चूं काढलं नाही.

ती लगेच वळली. हसली. दोन्ही हात वर केले.

मी तिला उचलून घेतलं नाही. ते मला अजून आठवतं. ती हात वर करून उभी होती आणि मी ताट हातात धरून बसले होते.

आई पाच वाजून गेल्यावर आल्या. एरवी त्या आल्या की मी पाणी देते. त्या दिवशी दिलं नाही.

“आई, तुम्ही पाय का आपटता?”

“कोण, मी?”

“माळ्यावर. हाक मारायच्या आधी. दर वेळी.”

प्रसादाची पुडी सोडवत होत्या, ती हातातच राहिली. मला वाटलं, म्हणतील सवय आहे. म्हणतील गुडघे दुखतात, पाय जड पडतो. यातलं काहीही म्हणाल्या असत्या तर मी ते घट्ट धरून बसले असते. त्या मोरीजवळच्या पाटावर टेकल्या.

“कधी कळला तुका?”

काय कळलं, असं त्यांनी विचारलं नाही.

“आज. तुम्हाला?”

“पाच म्हयन्यांची होती. कुकराची शिट्टी झाली. शेजारणीचा बाळ माझ्या मांडीवर दचाकला. आपली पाळण्यात हसत होती.”

एकवीस महिने. मी मनात वजाबाकी केली आणि बोलून दाखवली. आईंनी मान हलवली, जणू हिशोब त्यांनीही केला होता.

मग त्यांनी धोंडूमामांबद्दल सांगितलं. सुयोगचे मामा, आईंचे थोरले भाऊ. मी त्यांचं नाव ऐकलं होतं, ते गावी असायचे आणि गेले इतकंच. ते जन्मापासून बहिरे होते हे मला त्या घरात पाच वर्षं राहून त्या दिवशी कळलं. गावच्या घराला लाकडी माळा होता आणि धोंडूला बोलवायचं तर आधी पाय आपटायचा, मग हाक मारायची, अशी घरातल्या सगळ्यांना लहानपणापासून सवय. हाकेचा उपयोग नव्हता, पण आईंची आई म्हणायची, नुसता पाय गुराला आपटतात, माणसाला नाव घेऊन बोलवावं.

विशीत धोंडूमामा मुंबईला आले, गिरणीत लागले. साचेखात्यात, जिथे शेकडो माग एकदम चालायचे. तिथल्या आवाजात कोणालाच काही ऐकू यायचं नाही. सगळे ओठांवरून आणि हातांनी बोलायचे. आई लहान असताना वडिलांबरोबर एकदा धोंडूमामांच्या लालबागच्या खोलीवर आल्या होत्या. तेव्हा त्यांनी पाहिलं, खोलीतले आठ-दहा जण सुट्टीच्या दिवशीसुद्धा हातांनीच बोलतायत, आणि मध्ये बसून धोंडू सगळ्यांना हसवतोय. नव्या पोरांना ओठ वाचायला तोच शिकवायचा.

“गिरणीत तो शाणा होता,” आई म्हणाल्या. “संप झालो, गिरणी बंद पडली. गावाक गेलो नि परत भैरो झालो.”

गावी ते ओटीवरच्या खांबाला तळहात टेकून बसायचे. अंगणात कोण आलं ते खांबातून कळायचं. आई-वडील गेले, भावजया आल्या, घराला सिमेंटची जमीन झाली. पाय आपटूनही कळेना आणि कोणी आपटेही ना. एका दुपारी जेवायला हाक मारली, उठले नाहीत. भैरोच तो, म्हणून कोणी परत पाहिलं नाही. संध्याकाळी दिवा लावायला गेलेल्या पोरीने हात लावला तेव्हा समजलं, दुपारीच गेले होते.

आमचं लग्न ठरताना माझ्या बाबांनी विचारलं होतं, घरात काही आजार वगैरे. आई नाही म्हणाल्या होत्या. तेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. पुडीचा दोरा बोटाला गुंडाळत, सोडत.

“एकदा भैरी म्हटला की माणसाचा नाव जाता गो. धोंडूचा नाव धोंडू होता ह्या गावात पोरांक म्हायतच नव्हता. हिका मी रुची म्हणान हाक मारतंय. ती वळता. चार लोक बघतत. तेवढा तरी.”

मला त्यांच्याबद्दल काहीतरी वाटायला हवं होतं. पण मला फक्त एकवीस दिसत होते. कुठेतरी वाचलेलं डोक्यात घण घालत होतं, की जितकं लवकर तितकं बरं, भाषा शिकायची जागा मेंदूत फार वर्षं रिकामी राहत नाही.

“तुम्ही तिला रोज पास करत राहिलात,” मी म्हणाले. “आणि मी वहीत बरोबरच्या खुणा करत बसले. आता डॉक्टरांना दाखवेपर्यंत पाय आपटायचा नाही. एकदाही.”

त्यांनी मान हलवली. प्रसाद देवापुढे ठेवला. तो दोन दिवस तिथेच होता.

सुयोग आला तेव्हा मी त्याला वही दाखवली. तो कुरियरच्या गोदामात सुपरवायझर आहे, दिवसभर ओरडून घसा बसलेला असतो. त्याने शून्यं पाहिली आणि वही मिटली.

“दिवसभर पेपर काढतेस म्हणून घरातल्या पोरीला पण नापास करायचंय का तुला?”

तो शिडी चढून वर गेला. मी खाली ऐकत होते. त्याने तिला हाक मारली. पुन्हा मारली. पुन्हा. मग प्लायवर एक धप्प, अगदी हलकं, पुरुषाच्या पायाचं नाही वाटलं इतकं हलकं. आणि रुची हसली. तो खाली आला तो सरळ मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

चेंबूरच्या बाजूला एका मोठ्या इस्पितळात कानांचा विभाग आहे, तिथली तारीख अकरा दिवसांनंतरची मिळाली. ते अकरा दिवस मला कोणी परत देऊ नयेत.

आईंनी शब्द पाळला. माळ्यावर जाताना त्या मांजरासारख्या जायच्या. रुचीच्या समोर जाऊन उभ्या राहायच्या, मग तिला खूण करायच्या. माझ्याशी कामापुरतं बोलायच्या, ते मालवणीत नाही. आणि रुचीला काही कळेना. आपल्याला आता कोणी बोलवत का नाही? पहिले दोन दिवस ती खेळता खेळता मध्येच थांबायची आणि स्वतःच मागे वळून बघायची. मागे कोणी नसायचं. तिसऱ्या दिवशी तिने खेळणं सोडलं आणि फाटकाशी येऊन बसली, गजांना धरून. आई खाली भाकऱ्या थापत असायच्या आणि ती वरून त्यांच्याकडे बघायची. तोंडाकडे नाही. पायांकडे. सकाळ-दुपार. एकदा तिने स्वतःच आपला एवढासा पाय प्लायवर आपटला आणि वाट पाहिली. पुन्हा आपटला. माझ्या डोक्यावर पंखा जरासा हलला. आई परातीत पीठ मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात पिठातच थांबले.

मी म्हणू शकले असते, आपटा, काही होत नाही. डॉक्टरांच्या तपासणीत त्याने फरक पडणार नव्हता. हे मला तेव्हाही कळत होतं.

त्याच दिवसांत मी उत्तरा मॅडमना सात नवे प्रश्न लिहून दिले. सातही पास झाले. त्यांचा मेसेज आला, आता जमतंय तुला.

इस्पितळात आम्ही चौघं गेलो. आई येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण सकाळी त्या नऊवारीची घडी मोडून आमच्या आधी तयार होत्या. दाढेखाली काहीतरी धरून ठेवल्यासारखं त्यांचं तोंड होतं. तपासणाऱ्या मुलीचं नाव सपना, वयाने माझ्याएवढीच. तिने नीट समजावून सांगितलं. आवाजबंद खोली, भिंतींना जाड अस्तर, खाली गालिचा. मध्ये खुर्ची. दोन्ही बाजूंना स्पीकर आणि काळ्या काचेची पेटी, पेटीत खेळण्यातलं माकड. मांडीवर बाळ घेऊन बसायचं. एका बाजूने आवाज येतो. बाळ तिकडे वळलं की पेटीत दिवा लागतो, माकड टाळ्या वाजवतं. ती स्वतः बाहेर काचेआड यंत्रापाशी बसणार.

“मम्मी, फक्त एकच. आवाज आला तरी तुम्ही काही करायचं नाही. मान नाही, डोळे नाही, काही नाही. तुम्ही भिंत.”

मी मनात म्हटलं, हे मला सांगू नकोस बाई.

रुचीला मांडीवर घेऊन बसले. दार बंद झालं तसा कानांत एक दाब आला. आपला श्वास ऐकू येईल अशी शांतता. रुचीच्या हातात लाकडी कड्या होत्या. पहिला आवाज आला, बारीक, पाखरासारखा. रुची कड्या हलवत होती. दुसरा जरा मोठा. नाही. तिसरा आला उजवीकडून आणि रुचीने मान वळवली. दिवा लागला. माकडाने टाळ्या वाजवल्या. काचेपलीकडे सुयोग पुढे झुकला. चौथा डावीकडून. रुची वळली. माझ्या छातीत काहीतरी इतकं जोरात उसळलं की मला वाटलं ते यंत्रावर दिसेल. ऐकतेय. सगळं चुकलं होतं माझं, ताट, पळी, वही, सगळं. ऐकतेय ही. पाचवा. वळली.

दार उघडून सपना आत आली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“मम्मी, आवाज आला की तुमचा तिच्या पोटावरचा हात घट्ट होतो. ज्या बाजूने आवाज, त्या बाजूचा. ती तुमच्या हाताला वळतेय.”

मी हाताकडे पाहिलं. तो अजून घट्टच होता.

पुन्हा करू म्हणाली. हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवायला सांगितले. पुन्हा केलं. तीन आवाजांनंतर ती परत आत आली. आता मांडी हलत होती म्हणाली. रागावली नाही. आया अशाच असतात म्हणाली, बाबांना बसवू या. सुयोग आत आला, पण रुची त्याच्या मांडीवर ठरेना. अनोळखी जागा, तिने “आ” सुरू केलं, अंगाची कमान करून खाली सरकायला लागली.

“मी बसतंय,” आई दारातून म्हणाल्या.

सपनाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आजींना जमेल का, असं विचारायचं तिच्या ओठांवर होतं. मी उठले आणि खुर्ची रिकामी केली. रुची आईंकडे गेल्या गेल्या गप्प झाली.

मी काचेबाहेर सपनाच्या शेजारी उभी राहिले. आई खुर्चीत बसल्या. पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला. हात दांड्यांवर ठेवले, बोटं सैल. मग खाली वाकून त्यांनी चपला काढल्या, सरकवून बाजूला ठेवल्या. आणि दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीवर मांडी घातली. गुडघे दुखतात त्यांचे, जमिनीवर बसायलाही त्रास होतो. त्यांनी ओठ मिटून एक पाय, मग दुसरा, हाताने उचलून आत घेतला. खाली गालिचा होता, त्यातून काही कळलं नसतं. सपना म्हणालीसुद्धा, आजी, आरामात बसा, पाय खाली चालतील. आईंनी मान हलवली.

दार बंद झालं. सपनाने चकती फिरवली.

यंत्रावरचे डेसिबलचे आकडे वाढत गेले. चाळीस. पन्नास. पासष्ट. आई समोर पाहत होत्या. रुचीच्या डोक्यावरून, काचेतून, कुठेच नाही अशा. ऐंशीला आवाज इतका झाला की तो काचेबाहेर मलाही ऐकू आला. आत त्या खोलीत तो कानावर आदळत असणार. आईंची पापणी हलली नाही. हातांची बोटं तशीच सैल. सुयोग माझ्या मागे उभा होता, त्याने तोंड फिरवलं. नव्वद. उजवीकडून. डावीकडून. काळ्या पेटीतलं माकड अंधारात तसंच बसून होतं. आईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते गालावरून खाली उतरलं आणि त्यांनी ते पुसायला हात उचलला नाही.

सपना कागदावर लिहीत होती.

आत रुचीने कड्यांचा खेळ थांबवला. कड्या खाली पडू दिल्या. तिला काहीतरी आठवलं असावं. ती आईंच्या मांडीवरून वाकली, खुर्चीच्या कडेवरून मान खाली घातली आणि गालिच्यावर आजीचे पाय शोधू लागली.